एक ओळ बदलली, तर अख्खं पुस्तक पुन्हा का छापायचं?

“बिल्ड लावलाय, आता तासभर मोकळा आहे.” घरून काम करत असताना हे वाक्य काकांनी माझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की एक दिवस त्यांनी विचारलंच, “अरे, सकाळीही लावला होतास ना? मग आता पुन्हा कशाला?”

“एक ओळ बदलली, काका.”

“एका ओळीला तास?”

काकांनी साताऱ्यात तीसएक वर्षं छापखाना चालवला. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, “पुस्तकात चूक सापडली तर आम्ही तेवढा फॉर्म नव्याने छापायचो. अख्खं पुस्तक कोण छापतं?”

प्रश्न रास्त होता, आणि माझ्याकडे तेव्हा धड उत्तर नव्हतं. मूळ सोर्सकोडपासून सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या, म्हणजेच बिल्ड लावणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न रोज भेटतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं कर्नेल, म्हणजे तिचा गाभा, हौसेने स्वतः कंपाइल करून (मूळ कोडपासून बनवून) पाहणारा विद्यार्थी असो, नाहीतर मोटारीतल्या पडद्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणारी पुण्यातली इंजिनियर असो, वाट दोघांनाही बघावी लागते. नको असलेलं कंपाइल कसं टाळायचं, याचा शोध घेताना मला छापखान्याचाच आधार सगळ्यात जास्त झाला. म्हणून इथेही तोच वापरतो.

## फॉर्म आणि बायंडिंग

पुस्तक एकेक पान करून छापत नाहीत. मोठ्या कागदावर सोळा पानं एकत्र बसवतात, तो एक फॉर्म. २४० पानांचं पुस्तक म्हणजे १५ फॉर्म. सगळे छापून झाले की घड्या घालून, क्रमाने लावून, शिलाई मारून बायंडिंग. ३७व्या पानावर चूक सापडली तर ती तिसऱ्या फॉर्ममध्ये असणार, कारण त्यात ३३ ते ४८ ही पानं येतात. तेवढा फॉर्म पुन्हा छापायचा, बाकीचे चौदा तसेच वापरायचे. बायंडिंग मात्र नव्याने करावं लागतं.

सी किंवा सी प्लस प्लस या भाषांमधला प्रोग्राम असाच तयार होतो. माणसाने लिहिलेला मजकूर म्हणजे सोर्स फाइल. ती प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांमध्ये उतरवणं म्हणजे कंपाइल करणं, आणि त्यातून निघते ती ऑब्जेक्ट फाइल. ऑब्जेक्ट फाइल म्हणजे आपला छापून तयार असलेला फॉर्म. असे सगळे फॉर्म जोडून चालवता येईल असा प्रोग्राम बनवणं म्हणजे लिंक करणं, म्हणजेच बायंडिंग. या सगळ्या खटाटोपाला मिळून बिल्ड म्हणतात.

लिनक्सच्या कर्नेलमध्ये अडीच कोटींहून जास्त ओळी आहेत. एका वेळी त्या सगळ्या लागत नाहीत, तरी नेहमीच्या वापरातल्या संगणकासाठी कर्नेल बनवायचं तर हजारो फाइली कंपाइल कराव्या लागतात. त्यातली एक फाइल बदलल्यावर कुठले फॉर्म पुन्हा छापायचे आणि कुठले ठेवायचे, हे कुणीतरी ठरवायला हवं. माणसाने ठरवायचं म्हटलं तर काय होतं, याची एक गोष्ट आहे.

## ‘मेक’ वेगासाठी जन्मलं नव्हतं

१९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत प्रोग्रामर स्टीव्ह जॉन्सन वैतागून सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. प्रोग्राममधली एक चूक शोधण्यात त्यांची अख्खी सकाळ गेली होती. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती, पण दुरुस्त केलेली फाइल कंपाइल करायची राहिली होती. बायंडिंगमध्ये जुनाच फॉर्म जात होता, आणि ते बरोबर असलेल्या मजकुरात चूक शोधत बसले होते. फेल्डमन यांची आदली संध्याकाळ अशाच गोंधळात गेली होती. त्याच शनिवार-रविवारी फेल्डमन यांनी एक छोटं अवजार लिहिलं. त्याचं नाव ‘मेक’. पुढे २००३ साली असोसिएशन फॉर कंप्युटिंग मशिनरी या संस्थेने त्यासाठी त्यांना पुरस्कार दिला. मेक आजही रोजच्या वापरात आहे.

मला या गोष्टीतली एक बाब फार महत्त्वाची वाटते. मेकचं कौतुक नेहमी ‘वेळ वाचवणारं अवजार’ म्हणून होतं. पण ते ज्या दुखण्यावर निघालं ते उलट होतं: जे कंपाइल व्हायलाच हवं होतं, ते झालं नव्हतं. चुका दोन प्रकारच्या असतात. नको ते पुन्हा छापलं तर कागद आणि वेळ वाया जातो. हवं ते छापायचं राहिलं तर चुकीचं पुस्तक बाजारात जातं. पहिली चूक त्रासाची आहे, दुसरी घातक. पुढचं सगळं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

मेकचा नियम साधा आहे. कुठली ऑब्जेक्ट फाइल कुठल्या सोर्स फाइलींपासून बनते, याची यादी तुम्ही ‘मेकफाइल’मध्ये लिहून द्यायची. मेक दोन्हींच्या वेळा बघतं. फाइलमध्ये शेवटचा बदल कधी झाला, याची नोंद संगणक ठेवतोच. हस्तलिखिताला शेवटचा हात लागला ती वेळ फॉर्म छापल्याच्या वेळेनंतरची असेल तर फॉर्म शिळा झाला, पुन्हा छापा. नसेल तर हात लावू नका.

## तारीख कुठे फसवते

हा नियम सुंदर आहे, पण तो मजकुराकडे बघत नाही. फक्त तारखेकडे बघतो. कुणी हस्तलिखित उघडलं, काहीही न बदलता पुन्हा सेव्ह केलं, तरी तारीख नवी होते आणि फॉर्म पुन्हा छापला जातो.

हे सगळ्यात जास्त होतं ते गिटमुळे. गिट म्हणजे सोर्सकोडच्या सगळ्या आवृत्त्या सांभाळणारं अवजार. समजा तुम्ही एका शाखेवर, म्हणजे कोडच्या एका समांतर आवृत्तीवर, काम करताय, मध्येच सहकाऱ्याची शाखा बघायला गेलात आणि पाच मिनिटांत परत आलात. दोन शाखांमध्ये ज्या फाइली वेगळ्या होत्या, त्या गिटने जाताना एकदा आणि येताना एकदा लिहिल्या. मजकूर अक्षरन् अक्षर पूर्वीचाच, तारीख मात्र आत्ताची. मेक त्या सगळ्या फाइली पुन्हा कंपाइल करतं. त्यात एखादी सगळीकडे वापरली जाणारी फाइल असली तर जवळजवळ अख्खा बिल्ड. यावर गिटमध्येच उपाय आहे: ‘वर्कट्री’ वापरून दुसरी शाखा दुसऱ्या फोल्डरमध्ये उघडायची. मग पहिल्या फोल्डरमधल्या तारखांना धक्का लागत नाही. इतकी साधी सोय फार कमी जण वापरतात, याचं मला वाईट वाटतं.

याच्या उलटही होतं, आणि ते जास्त वाईट. बॅकअपमधून जुनी फाइल तिच्या जुन्या तारखेसकट परत आणली, तर मजकूर बदलला पण तारीख फॉर्मच्या आधीची. मेकला वाटतं सगळं ठीक आहे. फाइली दुसऱ्या संगणकावर असतील आणि दोघांची घड्याळं जुळत नसतील तरी हाच घोळ. मेक अशा वेळी घड्याळात तफावत आहे, बिल्ड अपुरा असू शकतो, असा इशारा देतं. तो इशारा वाचायची सवय मात्र हवी.

तिसरी गफलत आज्ञेतली. कंपायलरला ‘चुका शोधायला सोपं जाईल असं बनव’ किंवा ‘वेगाने चालेल असं बनव’ अशा सूचना देता येतात. सूचना बदलली पण फाइल बदलली नाही, तर साध्या मेकला काहीच कळत नाही. छापखान्यात शाई काळीची निळी केली आणि हस्तलिखित तेच राहिलं, तर जुने काळे आणि नवे निळे फॉर्म एकाच पुस्तकात शिवले जातील, तसं. म्हणून लिनक्स कर्नेलची बिल्ड-व्यवस्था प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलशेजारी ती कुठल्या आज्ञेने बनली ते लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी ताडून बघते. क्रोम ब्राउझरच्या कामासाठी इव्हान मार्टिन यांनी लिहिलेलं ‘निंजा’ हे अवजारही आपल्या नोंदवहीत आज्ञेची खूण ठेवतं.

## सगळ्यांनी मानायची शब्दसूची

आता खरं अवघड प्रकरण. समजा पंधरा लेखकांचा ग्रंथ आहे. संपादकाने एक शब्दसूची ठरवली: ‘विद्युत’ लिहायचं की ‘वीज’, ‘संगणक’ की ‘कंप्युटर’. प्रत्येक प्रकरण तिच्या आधाराने जुळवलं जातं. सूचीतला एक शब्द बदलला की कुठले फॉर्म पुन्हा छापायचे?

सी भाषेत या शब्दसूचीला हेडर फाइल म्हणतात. अनेक सोर्स फाइलींनी मिळून पाळायचे करार त्यात असतात: कुठल्या कामाला काय नाव, कुठली माहिती कुठल्या आकारात. सोर्स फाइल एका ओळीत ‘अमुक हेडर घे’ म्हणते, आणि कंपायलर त्या जागी हेडरचा सगळा मजकूर चिकटवतो. त्या हेडरने आणखी हेडर मागवले असतील तर तेही. पाच ओळींचा नवशिक्याचा सी प्रोग्राम या चिकटवण्यानंतर शेकडो ओळींचा होतो, आणि सी प्लस प्लसमधला तसाच प्रोग्राम हजारो ओळींचा.

म्हणजे एका फाइलचं अवलंबन तिच्या पहिल्या पानावर दिसतं त्यापेक्षा खूप खोल जातं. ते हाताने मेकफाइलमध्ये लिहायचं म्हटलं तर काहीतरी सुटणारच. म्हणून हे काम कंपायलरवर सोपवतात. जीसीसी या कंपायलरला ‘एमडी’ हा पर्याय दिला की कंपाइल करता करताच ‘मी या या फाइली वाचल्या’ अशी यादी तो बाजूला लिहून ठेवतो. पुढच्या वेळी मेक ती यादी वापरतं.

इथे चाणाक्ष वाचक अडेल: यादी तर गेल्या वेळची! या वेळी नवा हेडर जोडला असेल तर? पण नवा हेडर मागवायचा तर कुठली तरी जुनी फाइल बदलावीच लागणार, आणि ती जुनी फाइल यादीत आहेच. तिच्यामुळे पुन्हा कंपाइल होईल आणि यादीही नवी होईल. मला ही युक्ती पहिल्यांदा कळली तेव्हा फार आनंद झाला होता. अपवाद एकच: शोधायच्या वाटेत आधीच्या जागी त्याच नावाचा दुसरा हेडर कुणी आणून ठेवला, तर यादीला पत्ता लागत नाही.

## कर्नेलवाल्यांनी शोधलेली बारीक चाळणी

लिनक्स कर्नेल बनवताना हजारो पर्यायांमधून निवड करायची असते: हा चालक (ड्रायव्हर) हवा, ती फाइल-व्यवस्था नको. सगळी निवड एका मोठ्या हेडरमध्ये उतरते आणि तो हेडर प्रत्येक सोर्स फाइलला चिकटतो. साधा नियम लावला तर एक पर्याय बदलला की अख्खं कर्नेल पुन्हा कंपाइल. म्हणजे शब्दसूचीतला एक शब्द बदलला म्हणून पंधराच्या पंधरा फॉर्म.

खरं तर ‘वीज’ हा शब्द ज्या प्रकरणात आलाच नाही, ते प्रकरण पुन्हा छापायचं कारण नाही. कर्नेलमध्ये नेमकं हेच केलं आहे. २००२ पासून तिथे ‘फिक्सडेप’ नावाचा छोटा प्रोग्राम आहे. कंपायलरने दिलेली यादी तो हातात घेतो, त्यातलं मोठ्या हेडरचं नाव काढून टाकतो, मग त्या फाइलींचा मजकूर वाचून त्यात कुठल्या पर्यायांची नावं आली आहेत ते शोधतो. प्रत्येक पर्यायासाठी एक चिमुकली खूण-फाइल ठेवलेली असते. यादीत मोठ्या हेडरऐवजी या खूण-फाइली जातात. पर्याय बदलला की फक्त त्याच्याच खूण-फाइलची तारीख बदलते, आणि तो पर्याय वापरणाऱ्या फाइलीच पुन्हा कंपाइल होतात.

अवजार तेच जुनं, तारखा बघणारं. पण त्याला विचारायचा प्रश्न बारीक केला. ‘शब्दसूची बदलली का?’ याऐवजी ‘या प्रकरणात आलेला शब्द बदलला का?’ माझ्या मते या विषयातलं सगळं शहाणपण या एका बदलात आहे. कंपाइल टाळायचं तर अवलंबन खरं तेवढंच नोंदवायचं, त्याहून जास्त नाही आणि कमी तर मुळीच नाही.

कर्नेलची आणखी एक सवय उचलण्यासारखी आहे. काही हेडर माणूस लिहीत नाही, बिल्डच्या वेळी यंत्रच तयार करतं. असा हेडर प्रत्येक वेळी नव्याने लिहिला तर तारीख प्रत्येक वेळी बदलणार. म्हणून तो आधी कच्च्या फाइलमध्ये लिहितात, जुन्याशी ताडून बघतात, आणि फरक असेल तरच जागेवर ठेवतात. फरक नसेल तर जुनी फाइल जुन्या तारखेसकट तशीच राहते.

हेडरांचा गुंता सोडवणं मात्र अवघडच. इंगो मोलनार या कर्नेलच्या जुन्या विकसकाने २ जानेवारी २०२२ रोजी २,२०० हून जास्त बदलांची मालिका मांडली. हेडरांनी हेडर ओढण्याची साखळी तोडायची, एवढाच तिचा हेतू होता. त्यांच्या मोजमापानुसार त्यामुळे कर्नेल बिल्डचा वेग ५० ते ८० टक्क्यांनी वाढत होता. सगळी मालिका जशीच्या तशी मुख्य कर्नेलमध्ये गेली नाही, पण नुसत्या करारांच्या पसाऱ्यात किती वेळ जातो हे तिने सगळ्यांना दाखवलं. साखळी तोडायचा मुख्य उपाय तसा सोपा आहे. एखाद्या फाइलला अमुक गोष्टीचं फक्त नाव आणि पत्ता पुरत असेल, आतली रचना बघायचीच नसेल, तर अख्खा हेडर न मागवता ‘या नावाची एक गोष्ट आहे’ एवढंच जाहीर करायचं. मग आतली रचना बदलली तरी या फाइलला काही कळायचं कारण नाही.

## जुने फॉर्म गोदामात ठेवले तर?

काकांकडे एकदा एका लेखकाने शीर्षकाची वेलांटी बदलून घेतली, फॉर्म नव्याने छापला, आणि दोन दिवसांनी तो म्हणाला, आधीचंच बरं होतं. काकांनी आधीचे फॉर्म रद्दीत घातले नव्हते. गोदामातून गठ्ठा काढला आणि काम संपलं.

‘सीसीकॅश’ हेच करतं. सांबा आणि आरसिंक या सॉफ्टवेअरांमुळे माहीत असलेले ऑस्ट्रेलियातले अँड्र्यू ट्रिजेल यांनी ते २००२ साली लिहिलं. ते कंपायलरच्या पुढे दाराशी बसतं. कंपाइल करायला आलेला मजकूर, त्यात चिकटलेले हेडर, दिलेल्या सूचना आणि कंपायलर कुठला, हे सगळं मिळून त्याचा एक ठसा काढतं. ठसा म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा आकडा. मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी तो पूर्ण वेगळा येतो. या ठशाचा फॉर्म गोदामात असेल तर तोच काढून देतं, कंपायलरला उठवतच नाही. नसेल तर कंपाइल करून घेतं आणि एक प्रत गोदामात टाकतं.

तारखेचा इथे संबंध उरत नाही. गिटच्या शाखा बदलून परत या, सगळं पुसून नव्याने बिल्ड लावा, मजकूर तोच असेल तर फॉर्म गोदामातून येतात. मर्यादाही सांगायला हव्यात. पहिला बिल्ड किंचित हळू होतो, कारण गोदाम भरायचं असतं. लिंक करण्याचं काम सीसीकॅश वाचवत नाही, बायंडिंग दरवेळी करावंच लागतं. गोदामाची मर्यादा मुळात ५ जीबी असते आणि मोठ्या कामाला ती पुरत नाही. जुने फॉर्म बाहेर फेकले जात राहतात आणि फायदा दिसत नाही. अँड्रॉइडवर आधारलेल्या लिनिएजओएसच्या मार्गदर्शिकेत म्हणूनच ५० जीबी ठेवायला सांगतात. “सीसीकॅश लावलं पण काही फरक पडला नाही” असं कुणी म्हटलं की मी आधी गोदाम किती मोठं आहे ते विचारतो.

फरक न पडण्याचं दुसरं कारण म्हणजे मजकुरातच लपलेली वेळ. ‘कंपाइल झाल्याची वेळ इथे छाप’ अशी सोय सी भाषेत आहे. ती वापरणाऱ्या फाइलचा मजकूर दर सेकंदाला वेगळा, म्हणून ठसाही वेगळा, म्हणून गोदामात कधीच काही सापडत नाही. कर्नेलमध्ये तर अशी वेळ कुणी वापरली तर कंपायलर ती चूक धरतो आणि बिल्ड थांबवतो.

## “रोज सगळं पुसून नव्याने केलं तर काय बिघडलं?”

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकतो, आणि तो अनुभवी माणसांकडून येतो. ‘मेक क्लीन’ म्हटलं की आधीचे सगळे फॉर्म पुसले जातात. मग शिळं काही उरतच नाही.

हे म्हणणारे चुकीचं बोलत नाहीत. कधीतरी त्यांना स्टीव्ह जॉन्सन यांच्यासारखी सकाळ भोगावी लागली असते. पण हा उपाय आहे अवजारावरचा विश्वास उडाल्याचा. एकदा विश्वास उडाला की वर सांगितलेल्या सगळ्या युक्त्या निरुपयोगी, कारण माणूस प्रत्येक वेळी अख्खं पुस्तक छापतो. म्हणून आधी विश्वास परत मिळवायला हवा, म्हणजे सुटलेलं अवलंबन शोधायला हवं.

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने यावर मला अतिशय आवडलेला उपाय केला. तिथे ‘मेटा मोड’ चालू केला की ‘फाइलमॉन’ नावाचा भाग कर्नेलमध्ये बसून पाहतो की बिल्डमधल्या प्रत्येक आज्ञेने कुठल्या कुठल्या फाइली उघडल्या. माणसाने काय लिहून दिलं यावर विसंबायचं नाही, खरोखर काय वाचलं गेलं तेच नोंदवायचं. गूगलने २०१५ साली खुलं केलेलं ‘बेझल’ हे बिल्डचं अवजार दुसऱ्या बाजूने येतं. ते कंपायलरला बंद खोलीत बसवतं आणि यादीत असलेल्या फाइलीच आत देतं. एखादी लिहायची राहिली असेल तर बिल्ड तिथेच फुटतो. गुपचूप चुकीचं पुस्तक निघण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

प्रकाशनापूर्वीचा शेवटचा बिल्ड मात्र मीही कोऱ्या यंत्रावर करतो. तिथे तास गेला तरी चालेल. दिवसातून वीस वेळा करायच्या कामाला तोच नियम लावायला माझा विरोध आहे.

## “आता यंत्रं इतकी वेगवान झाली, मग कशाला ही काळजी?”

यंत्रं वाढली तशी सॉफ्टवेअरंही वाढली. अँड्रॉइडचा मूळ सोर्सकोड बिल्ड करायला गूगल ४०० जीबी मोकळी जागा आणि ६४ जीबी मेमरी असलेलं यंत्र सुचवतं. विद्यार्थ्याकडे, लहान गावातल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असं यंत्र नसतं. खुल्या सॉफ्टवेअरमध्ये बदल सुचवायला कुणालाही बंदी नाही, असं आपण अभिमानाने म्हणतो. पण एक ओळ तपासायला जुन्या लॅपटॉपवर पाच तास लागत असतील तर तो दरवाजा उघडा असूनही आत जाता येत नाही. मला या विषयाची कळकळ आहे ती मुख्यतः यामुळे. अनावश्यक कंपाइलचा भुर्दंड ज्यांच्याकडे साधनं कमी त्यांनाच जास्त पडतो. विजेचं बिल आणि तापलेला लॅपटॉप आहेतच.

## दुसऱ्याने छापलेले फॉर्म वापरावेत का?

ठसा मजकुरावरून निघतो, तर मग गोदाम एकाच संगणकावर कशाला हवं? पुण्यातल्या सहकाऱ्याने सकाळी जे कंपाइल केलं, तेच नागपूरच्या सहकाऱ्याने दुपारी का करावं? फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचं ‘एससीकॅश’ आणि बेझल अशी सामायिक गोदामं चालवतात. नेदरलँड्समध्ये एल्को डॉल्स्ट्रा यांनी सुरू केलेलं ‘निक्स’ हीच कल्पना संपूर्ण प्रणालीला लावतं. प्रत्येक पॅकेजच्या, म्हणजे बसवायला तयार असलेल्या सॉफ्टवेअरच्या, पत्त्यातच ते कशाकशापासून बनलं त्याचा ठसा असतो, आणि त्या ठशाचं तयार पॅकेज सर्व्हरवर असेल तर ते उतरवून घेतलं जातं. सगळं स्वतः कंपाइल करण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या जेंटू लिनक्सनेही २९ डिसेंबर २०२३ रोजी तयार पॅकेजं देत असल्याचं जाहीर केलं. ज्याला आपल्या पसंतीचे पर्याय हवेत तो अजूनही कंपाइल करतोच, बाकीच्यांचा वेळ वाचतो.

हेडरचं दुखणं इथेही येतं, फक्त मोठ्या प्रमाणावर. सगळ्यांच्या मुळाशी असलेली सी लायब्ररी (तयार सी कोडचा सामायिक संच) बदलली की निक्समध्ये जवळपास सगळ्यांचे ठसे बदलतात आणि हजारो पॅकेजं पुन्हा बनवावी लागतात. म्हणून असे बदल वेगळ्या शाखेवर साठवून एकदम करतात.

आणि विश्वास? सामायिक गोदामात कुणी खोटा फॉर्म ठेवला तर तो प्रत्येकाच्या पुस्तकात जाईल, म्हणून ही काळजी खरी आहे. याची नेहमीची शिस्त अशी की गोदामात माल ठेवायचा अधिकार फक्त देखरेखीखालच्या बिल्ड सर्व्हरला द्यायचा, बाकीच्यांनी फक्त उचलायचा. त्याच्या जोडीला ‘रिप्रोड्युसिबल बिल्ड’ हवा, म्हणजे त्याच मजकुरातून कुणीही, कधीही बनवलं तरी निपज बिटन् बिट सारखी. डेबियन या लिनक्स-प्रणालीची मंडळी २०१३ पासून यासाठी झटत आहेत. तसं झालं की कुणीही स्वतः छापून गोदामातल्या फॉर्मशी ताडून बघू शकतो.

## मग त्या एका ओळीला तास का लागत होता?

काकांच्या प्रश्नानंतर मी पहिल्यांदा अवजारालाच विचारलं. निंजाला ‘एक्स्प्लेन’ सांगितलं की कुठली फाइल कशामुळे पुन्हा कंपाइल होते आहे ते ते लिहून देतं. मेकमध्ये त्यासाठी ‘ट्रेस’ हा पर्याय आहे. इतकी वर्षं ते हाताशी होतं.

आमच्याकडे एक स्क्रिप्ट होती. प्रत्येक बिल्डच्या सुरुवातीला ती आवृत्तीचा क्रमांक आणि बिल्डची तारीख-वेळ एका हेडरमध्ये लिहायची. तो हेडर दुसऱ्या एका सर्वसामान्य हेडरने मागवलेला, आणि तो जवळजवळ प्रत्येक फाइलने. मी कुठलीही ओळ बदलो वा न बदलो, बिल्ड लावला की शब्दसूची नवी व्हायची आणि अख्खं पुस्तक छापलं जायचं.

वेळ आणि क्रमांक मी एका वेगळ्या छोट्या सोर्स फाइलमध्ये हलवले. हेडरमध्ये फक्त त्यांची नावं उरली, आणि नावं कधी बदलत नाहीत. आता ओळ बदलली की ती फाइल कंपाइल होते, ही चिमुकली फाइल होते, आणि मग लिंक. दोन मिनिटांच्या आत.

काकांना सांगितलं तर ते म्हणाले, “म्हणजे प्रत्येक पानावर छपाईची तारीख टाकत होता होय तुम्ही? ती तर मुखपृष्ठाच्या मागच्या पानावर एकदाच असते.”